नाक्यावरचा क्रूस, मुक्काम हफ्र अल बातिन

पृथ्वीचा मध्य नेमका कुठे आहे याबद्दल विद्वानांत मतभेद असतील, आमच्या काकांच्या मनात ते नव्हते. वसईकडच्या त्यांच्या गावात चार रस्ते जिथे एकमेकांना भेटतात त्या नाक्यावर एक दगडी क्रूस उभा आहे, आणि बाकीची दुनिया त्याच्या भोवताली सोयीप्रमाणे पसरलेली आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या हिशेबाने सौदी अरेबिया हा देश क्रुसाच्या पश्चिमेला, मासळी बाजाराच्या रस्त्याने सरळ गेलं की समुद्र ओलांडून जरा पुढे लागतो. काकांना तिथे येऊन अकरा वर्षं झाली होती, पण आपण देश सोडला आहे यापेक्षा आपण नाक्यावरून थोडे लांब आलो आहोत, असंच ते समजत.

काका म्हणजे माझे कोणी सख्खे नव्हेत. हफ्र अल बातिनच्या बाहेर आमच्या कंपनीचा कॅम्प होता आणि त्यातल्या एका पोर्टा केबिनमध्ये आम्ही तिघे राहत होतो. मी चिपळूणचा, स्टोअरकीपर, वयाने सगळ्यांत लहान. दुसरे रत्नागिरीचे इब्राहिमभाई, एसी मेकॅनिक, अरबी फाडफाड बोलणारे. आणि तिसरे काका, गवंडी, पंचावन्नच्या घरातले, अंगाने काडी आणि बोलण्याला खळ नाही. सौदीत कुठल्याही धर्माची मूर्ती, तसबीर, क्रूस काही आणायची मुभा नव्हती. विमानतळावर बॅगा उलट्यापालट्या करून तपासत. पण तोंड तपासायची पद्धत नसल्यामुळे काकांनी आपला क्रूस तोंडी आणला होता. खालच्या चौथऱ्यासकट.

त्याची उंची मला आजही पाठ आहे. पाठ असणारच, कारण काका सगळं काही त्यातच मोजत. कॅम्पातली पाण्याची टाकी तीन क्रूस उंच होती. मेसचं छप्पर दीड क्रूस, आणि आमचा कॅम्प बॉस, जो चांगला सहा फुटी गडी होता, तो 'अर्ध्या क्रुसाच्या वर थोडा'. एकदा साइटवर नव्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, इंजिनिअरने भिंत किती वर नेऊ शकशील म्हणून विचारलं, तर काकांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "टू क्रूस, नो प्रॉब्लेम." इंजिनिअर बिचारा दोन दिवस मोजमापांच्या पुस्तकात हे एकक शोधत होता. शेवटी तो स्टोअरमध्ये येऊन मला विचारू लागला, तेव्हा मी मान खाली घालून नटबोल्ट मोजत बसलो.

उंची कायम असली तरी क्रुसाचं वय मात्र वाढतं होतं, आणि ते आपल्या-तुपल्यासारखं वर्षाला एक अशा भिकारड्या गतीने नव्हे. मी कॅम्पात आलो तेव्हा तो साडेतीनशे वर्षांचा होता. पहिल्या रमजानपर्यंत पाचशेचा झाला. कुवेतवर इराकचं सैन्य चालून आल्याची बातमी आली तोपर्यंत त्याने सहाशे ओलांडली होती. इब्राहिमभाईंनी एकदा शांतपणे आडवा प्रश्न टाकला, की काका, फिरंगी आपल्या किनाऱ्यावर आलेच त्यानंतर, मग त्यांच्या आधी हा क्रूस उभारला कोणी? काकांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, क्रूस फिरंग्यांचा असेल, पण त्याखालचा दगड आधीचा आहे. त्या दगडावर सूर्य आहे, चंद्र आहे, खाली एक ओळ आहे. कुठल्या तरी राजाने गावाची सीमा आखून दिली, तेव्हाचा तो दगड. पुढे फिरंगी आले, त्यांना उभं राहायला जागा हवी होती, त्यांनी त्याच दगडावर क्रूस रोवला. मराठे आले, त्यांनी घोडे बांधले. इंग्रज आले, त्यांनी मैल मोजले. "सगळे आले आणि गेले," काका म्हणत, "क्रूस कुठे गेला नाही."

ही ओळ तुम्ही पाहिली का, असं विचारलं की काका एकदम कामात असत. टेबलावरची चहाची किटली हलवून बघत, किंवा चपलेचा अंगठा तपासत. मग विषय निघे चुन्याचा.

चुना हा काकांच्या इतिहासाचा कणा. त्या क्रुसाला दरसाल मे महिन्याच्या तोंडावर चुना लावायचा मान त्यांच्या घराचा. मे महिनाभर संध्याकाळी गाव क्रुसासमोर जमून प्रार्थना म्हणतं, त्याआधी तो दुधासारखा पांढरा व्हायला हवा. चुना कसा भिजवायचा, किती दिवस मुरवायचा, त्यात नीळ किती चिमटी घालायची, कुंचा कुठल्या काथ्याचा, हे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: दगडाला लोखंड लागता कामा नये. जुना चुना खरवडायचा नाही, त्यावरच नवा चढवायचा. काका दहा वर्षांचे असताना आजोबांनी कौतुकाने त्यांना नीळ घालायला सांगितली आणि या पठ्ठ्याने अख्खी पुडी ओतली. क्रूस निळा झाला. वर्षभर गाव निळ्या क्रुसापुढे प्रार्थना म्हणत होतं आणि आजोबांनी नाक्यावरच दिलेली थप्पड काकांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही डाव्या गालावर नेमकी कुठे बसली ते दाखवता येई.

आमचा अर्थातच यावर विश्वास नव्हता. सहाशे वर्षांचा क्रूस एक वेळ पचवला असता, निळा क्रूस गळ्याखाली उतरेना. केबिनमध्ये कोणी थाप मारली की इब्राहिमभाई नुसते म्हणत, "निळा," आणि आम्ही हसत सुटायचो. काकाही हसत. आता वाटतं, ते आमच्याबरोबर हसत नव्हते, आम्हाला हसू देत होते.

एवढा मान आणि एवढा चुना, पण गंमत अशी की अकरा वर्षं त्या क्रुसाला चुनाच लागलेला नव्हता. काकांची सुट्टी दोन वर्षांनी एकदा, ती नेहमी डिसेंबरात, कारण मे महिन्यात कंपनी गवंड्याला सोडत नसे. घरी एक विधवा बहीण. गावातल्या चार पोरांनी तिला म्हटलं, आम्ही लावतो. ती म्हणाली, मान माझ्या भावाचा आहे, तो आला की लावेल. भाऊ यायचा तो नाताळात, काळ्या पडलेल्या क्रुसापुढे उभा राहायचा, डोकं खाजवायचा आणि परत सौदीला यायचा. मी एकदा न राहवून विचारलं, की काका, डिसेंबरात लावला असता तर चुना काय मेला असता? त्यांनी फार गंभीर तोंड करून सांगितलं, "मान मे महिन्याचा आहे." अशा भावा-बहिणीपुढे बुरशीने तरी काय करावं? ती आपली निवांत वाढत होती.

मग युद्ध आलं. हफ्र अल बातिन हे आधीच लष्करी गाव, आता तिथे रस्त्यावर रणगाडे नेणारे ट्रक आणि बाजारात नाना देशांचे सैनिक. कॅम्पातली निम्मी माणसं घरी जायला निघाली आणि पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाकडे, असल्यामुळे निघता निघता थांबली. आम्हाला गॅस मास्क वाटले गेले. भर जेवणाच्या वेळी सायरन वाजला की ताटं तशीच टाकून आम्ही मास्क चढवून भिंतीला टेकून बसायचो. त्या काळात मला मास्कचा एकच फायदा दिसला. काकांचं बोलणं आतल्या आत चालूच असे, पण आम्हाला ऐकू येत नसे. मास्क काढला की ते वाक्याच्या मध्यातूनच बाहेर येत, "...म्हणून तर घोडे तिथे बांधले."

पुढे क्षेपणास्त्रांनीही न घाबरलेला हा माणूस त्याआधी, डिसेंबरच्या शेवटी, एका पत्राने घाबरला. पत्र बहिणीचं होतं. नाक्यावरचा रस्ता रुंद होणार, क्रूस मध्ये येतो, तो काढून चर्चच्या आवारात ठेवायचं घाटतंय. रस्त्याचे साहेब म्हणाले, क्रूस खरोखर जुना आहे असा काही पुरावा असेल तर दाखवा, रस्ता वळवू. गावात कोणाकडे काही नाही. सगळे म्हणतात तुझ्या भावाला माहीत आहे. होळीच्या आत कळव. पत्र वाचून काका पहिल्यांदा गप्प बसले. सहाशे वर्षांचा इतिहास त्यांच्या तोंडात होता, आणि तो कागदावर मागितला गेला होता.

चार दिवस त्यांनी खपून एक नकाशा काढला. नाका, चार रस्ते, प्रत्येक रस्त्यावर पावलांत मोजलेली अंतरं, विहीर कुठे, वड कुठे. कागद माझ्याच स्टोअरच्या माल देण्याच्या पावतीचा, पाठकोरा. हा देश कायद्याचा आहे, आपण इथे क्रूस काढायचा नाही, एवढी अक्कल काकांना होती. म्हणून त्यांनी मधोमध क्रुसाऐवजी लाल पेन्सिलीने एक गोल काढला, आणि गोलात एक ठळक ठिपका. मग उत्तर दिशेचा बाण. मग तो कागद खिशात घालून, चहूकडे सैन्य पसरलेल्या गावात, ऐन जानेवारीत, ते पोस्टात निघाले. बरोबर इब्राहिमभाई आणि मी.

चेकपोस्टवर त्यांचा खिसा तपासला गेला. सैनिकाने कागद उलगडला, पाहिला, उलटा करून पाहिला आणि आम्हाला गाडीतून खाली उतरायला सांगितलं. तंबूतून अधिकारी आला, पिकल्या दाढीचा, थकलेला. त्याने लाल गोलावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? त्या क्षणी मला तो कागद त्याच्या डोळ्यांनी दिसला. नेम धरण्यासाठी याहून सोयीस्कर नकाशा कुठल्याही शत्रूला मिळाला नसता.

इब्राहिमभाई अरबीत म्हणाले, या माणसाच्या गावचा नाका आहे, तिथे एक जुना दगड आहे. अधिकाऱ्याने विचारलं, कसला दगड? इब्राहिमभाईंनी काकांकडे पाहिलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर आम्ही तिघे कुठे गेलो असतो कोण जाणे. मी मनात म्हणत होतो, काका, आता घोडे नकोत. काका थोडं थांबून हळू म्हणाले, "सांगा त्यांना, परगावचा माणूस तिथे थांबतो आणि वाट विचारतो. चुकलेल्याला लांबून दिसावा म्हणून आमचं घर त्याला पांढरा करतं. आता तो काढायला निघालेत."

इब्राहिमभाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. अधिकारी काकांच्या हातांकडे बघत होता, चुन्या-सिमेंटने फुटलेल्या. मग तो म्हणाला, त्याचे आजोबा उंटांचे कळप घेऊन हिंडत, तेव्हा वाळवंटातसुद्धा वाटेवर दगड रचून ठेवत, आणि ते पाडणाऱ्याला माणसात गणत नसत. कागद त्याने घडी करून खिशात टाकला. कागद मिळणार नाही, म्हणाला, पण तुम्ही जा. यल्ला.

कागदावर माझी सही आणि पावतीचा नंबर होता, हे माझ्या लक्षात यायच्या आत चेकपोस्टवरून फोन येऊन कॅम्प बॉसला कळलं. पाठकोऱ्या पावत्या बाहेर जातातच कशा, यावर त्याने मला तासभर झाडलं. काका दाराबाहेर उभे होते. मी बाहेर आल्यावर सांत्वन म्हणून त्यांनी मला क्रुसावर वीज पडली होती आणि त्याला काही झालं नव्हतं, ती हकिकत सांगितली.

आता नकाशा गेला, उरलं पत्र. एका शुक्रवारी दुपारी मी कागद-पेन घेऊन बसलो आणि म्हटलं, सांगा काका, पुराव्यानिशी. काका सांगू लागले आणि मी लिहू लागलो, आणि तासाभरात तो भला थोरला इतिहास माझ्या डोळ्यांसमोर विरघळला. राजा कोणता? माहीत नाही. फिरंग्यांनी कधी रोवला? आजोबा म्हणायचे फार जुना. मराठ्यांचे घोडे? हे आजोबांच्या आजोबांनी सांगितलेलं. मी पेन खाली ठेवलं. खरं सांगायचं तर मला आधी हसू येत होतं, मग ते येईनासं झालं. समोर एक माणूस बसला होता आणि त्याला कळत होतं, की आपल्याकडे चुन्याशिवाय काही नाही.

"त्या ओळीचं काय?" इब्राहिमभाईंनी विचारलं. "तुम्ही म्हणता ना, दगडावर ओळ आहे."

काकांनी किटली हलवली नाही. म्हणाले, ओळ चुन्याखाली आहे. आजोबांनी पाहिली नव्हती, त्यांच्या वडिलांनीही नाही. सूर्य-चंद्र आणि ओळ आहे एवढं फक्त सांगत आले. आपल्याच घराने दरसाल एक थर चढवून ती पुरली. बघायची तर खरवडायला हवं, आणि खरवडायचं नाही हा घरचा नियम. लहानपणी त्यांनी एकदा खिळ्याने टोकरून बघितलं होतं, तेव्हाची थप्पड उजव्या गालावर होती. ती त्यांनी आम्हाला आजवर दाखवली नव्हती.

  अकरा वर्षं डिसेंबरात चुना न लावणारा हा माणूस घरचा नियम मोडेल यावर मी दमडीची पैज लावली नसती.

"लिही," काका म्हणाले. "पुढच्या बाजूने चुना खरवडा. लोखंड चालेल. मी सांगितलंय म्हणावं."

पत्र तेवढंच गेलं. ते गावात कधी पोहोचलं देव जाणे, कारण लढाई संपली तरी टपालाला ते कळायला वेळ लागला. होळी उलटून गेली. सुदैवाने आपल्याकडचे रस्त्याचे साहेब कुठल्याही युद्धापेक्षा सावकाश चालतात, त्यामुळे काही बिघडलं नाही. एप्रिलमध्ये वसईचा एक माणूस सुट्टीवरून परतला, त्याच्याकडे काकांसाठी बहिणीचं पत्र आणि बामची एक पत्र्याची डबी होती.

पत्रात असं होतं की खरवडल्यावर सूर्य सापडला, चंद्र सापडला. ओळही सापडली, पण ती कोणालाही वाचता आली नाही, फादरना नाही, शाळेच्या हेडमास्तरांना नाही आणि साहेबांना तर नाहीच. साहेब म्हणाले, जे मला वाचता येत नाही ते जुनंच असणार. शिवाय चुन्याची जी जाड ढलपी निघाली तिचे थर मोजायला गाव बसलं, आणि शंभराच्या पुढे भांडणं लागून मोजणी थांबली. क्रूस राहतोय, रस्ता दोन हात वाकडा जाईल. शेवटी बहिणीने लिहिलं होतं, "पुढची बाजू उघडी पडली आहे. लोक विचारतात, चुना कोण लावणार. काय सांगू ते कळव."

डबीत त्या ढलपीचा तुकडा होता, बोटभर जाड. मी स्टोअरमधलं भिंग आणलं. कडेने पाहिलं तर कागदाच्या गठ्ठ्यासारखे पापुद्रे एकावर एक, पांढरे, पिवळट, पांढरे. काका भिंग धरून बसले आणि वरून खाली येऊ लागले. आणि एका ठिकाणी थांबून त्यांनी भिंग इब्राहिमभाईंच्या हातात दिलं. इब्राहिमभाईंनी पाहिलं, मग मला दिलं. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध एक बारीक रेघ होती. निळी.

आम्ही दोघेही शरमलो. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीला हसत आलो, तीच आमच्या डोळ्यांदेखत पुराव्यानिशी सिद्ध झालेली होती. इब्राहिमभाई चटकन उठून चहा टाकायला गेले. मी विचारलं, "काका, आणि हा सगळ्यांत वरचा काळा थर कसला?"

काका म्हणाले, "तो सौदीचा."

त्यानंतर त्यांनी क्रुसाबद्दल एक शब्द काढला नाही, आणि केबिनमध्ये ते आम्हाला सायरनपेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात मे महिन्याची सुट्टी मागितली. लढाई संपताच घरी गेलेल्यांमुळे कंपनीला गवंड्यांची चणचण होती, कॅम्प बॉस नाही म्हणाला. मग काकांनी सुट्टी नको, कायमचं एक्झिट द्या म्हटलं. बॉसने सांगितलं, एकदा गेलास की परत घेणार नाही, खलास. काका बरं म्हणाले. धडधाकट माणूस, हातात कसब, चालू नोकरी, ती टाकून एका दगडाला कुंचा मारायला निघाला. कॅम्पात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि मी त्यांत होतो. रागाने होतो. ते गेल्यावर केबिनमध्ये कोण बोलणार, हा माझा प्रश्न होता, पण तो मी नोकरीच्या नावाखाली विचारत होतो.

निघताना त्यांनी ढलपी हातांनीच मोडली आणि अर्धी मला दिली. म्हणाले, तू मोज, तुझा हिशेब पक्का आहे. इब्राहिमभाईंनी गावातल्या बाजारातून कपड्यांच्या निळीची एक पुडी आणून त्यांच्या खिशात कोंबली. "काका," ते म्हणाले, "थोडीच घाला." मग दोघे एकमेकांना मिठी मारून उभे राहिले, आणि मी गाडीत बॅग ठेवायचं काम उगाच लांबवलं.

माझा तुकडा अजून जुन्या इकाम्याबरोबर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्याबरोबर, कपाटात आहे. मी तो तीनदा मोजला, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. माझ्याकडच्या अर्ध्या भागात सगळ्यांत वर काळाच थर आहे. नाक्यावर क्रुसाला नवा पांढरा कसा चढला ते पाहायला मी काही गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणता राहिलं.

जूनमध्ये काकांचं पत्र आलं, तेवढं एकच. क्रुसाला चुना लागला, प्रार्थना झाल्या, रस्ता वाकडा गेला. नीळ मोजून घातली होती, पण बाजारातली ती नीळ फार कडक निघाली आणि क्रूस जरा निळसर दिसतो. लोक हसले, असं लिहिलं होतं. त्याच्याखाली जागा सोडून एक ओळ होती: "थप्पड कोणी दिली नाही. देईल असं घरात आता कोणी राहिलं नाही."